शिवथर खोऱ्यातल्या कोंबड्या आणि त्यांचे आजार : प्रस्तावना

मानमोडीवर औषध नाही. आजार ओळखण्याच्या आणि उपचारांच्या पुस्तिकेची सुरुवात या वाक्याने व्हावी हे कुणाला विचित्र वाटेल. तरीही ते पहिलंच हवं, कारण महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत आठ-दहा दिवसांत घरोघरची खुराडी रिकामी होतात तेव्हा बहुतेकदा कारण हाच रोग असतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणसं औषधाच्या दुकानाकडे धावतात. कुणी माणसांच्या तापाची गोळी कुटून पाण्यात घालतं, कुणी गुरांसाठी आणलेली उरलेली पावडर देतं. कोंबड्या मरायच्या तेवढ्या मरतात. दोन-तीन वाचतात आणि मग वाटतं, औषधाचा गुण आला.

पशुवैद्य या रोगाला राणीखेत म्हणतात. १९२६ मध्ये तो इंडोनेशियातल्या जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात ओळखला गेला, म्हणून जगभर न्यूकॅसल. पुढच्याच वर्षी कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तो सापडला, म्हणून आपल्याकडे राणीखेत. मानमोडी हे आपल्या माणसांनी ठेवलेलं नाव मात्र थेट लक्षणावरून आलेलं आहे. कोंबडी मान पिळवटते, आभाळाकडे बघते, गोल फिरते, एक पंख लोळतो. त्याआधी दोन दिवस हिरवट पातळ हगवण, चोच उघडून घेतलेला श्वास, अंडी अचानक बंद. रोग विषाणूचा. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, या विषाणूवर चालत नाहीत. रोग यायच्या आधी डोळ्यात टाकलेला लसीचा एक थेंब जे काम करतो, ते रोग आल्यावर कुठल्याही बाटलीतून होत नाही.

ही पुस्तिका लिहिताना डोळ्यांसमोर वाचक कोण होता ते सांगायला हवं. शिवथर म्हटलं की महाराष्ट्राला आठवते ती समर्थांची घळ. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली आणि तेव्हापासून माणसांचा ओघ सुरू आहे. पण घळीच्या आजूबाजूला कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं आणि त्यांच्या डोंगरउतारावरच्या वाड्या आहेत. तिथली भातखाचरं लहान, पाऊस अफाट, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला. घरात राहते ती बाई, तिची सासू आणि पोरं. जमीन सासऱ्याच्या नावावर, गुरं घराची, पण कोंबड्या तिच्या. अंडी विकून आलेले पैसे तिला कुणाला विचारून खर्चावे लागत नाहीत. मुलाची वही, दवाखान्याची एसटी, माहेरच्या लग्नाचा आहेर यातून निघतो. पाहुणा अवेळी आला तर पहिली आठवण कोंबडीची. मिरगाच्या राखणीलाही तीच. इतक्या कामाला येणाऱ्या या जिवाकडे सरकारी योजनांचं लक्ष जातं ते मुख्यतः पिल्लं वाटण्यापुरतं. वाटलेली पिल्लं पहिल्या पावसात का मेली, हे विचारायला सहसा कुणी परत येत नाही.

गाय आजारी पडली तर डॉक्टरला फोन जातो. कोंबडीसाठी जात नाही, आणि त्यात बाईचा दोष नाही. महाडहून शिवथर तीसेक किलोमीटर. डॉक्टर यायचा म्हटलं तर गाडीभाडंच कोंबडीच्या किमतीपुढे जातं. वरंध घाट चढून भोरवरून शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मेलेला पक्षी नेऊन तपासून घेता येतो. पण पावसाळ्यात दरडींमुळे घाट वारंवार बंद असतो आणि कोंबड्यांचे बरेच रोग नेमके पावसाळ्यातले. म्हणजे ज्या दिवसांत ज्ञान सगळ्यात जास्त लागतं त्या दिवसांत ते घाटापलीकडे असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे ज्ञान वाडीतच असायला हवं. एका घरात दोन बाया आजार ओळखू लागल्या तर शेजारच्या दहा घरांच्या कोंबड्या वाचतात.

आणि अर्धं ज्ञान त्यांच्याकडे आहेच. कुठली तलंग कधी अंड्यावर येणार, कुठली खुडूक बसली, कोणत्या कोंबडीचा आवाज आज वेगळा आहे, हे त्यांना न बघता कळतं. पुढच्या पानांत या नजरेला नावं दिली आहेत, आणि कोणत्या खुणेनंतर काय करायचं ते सांगितलं आहे.

पक्ष्याचा आजार ओळखणं अवघड का, हे आधी समजून घेतलेलं बरं. कोंबडी ही मुळात शिकार होणारी जात. कळपात जो लुळा दिसतो त्याला घार उचलते, मुंगूस धरतं. म्हणून पक्षी अंगातलं दुखणं शेवटपर्यंत लपवतो. आपल्याला तो पिसं फुलवून कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला दिसतो तेव्हा आजाराचे तीन-चार दिवस उलटून गेलेले असतात. “काल तर दाणे टिपत होती” असं जे आपण म्हणतो, ते खरंच असतं. ती टिपल्यासारखं करत होती. हात लावून ताप कळत नाही, कारण निरोगी कोंबडीचंच अंग ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपल्या हाताला ती नेहमी गरमच लागते.

मग बघायचं काय? सकाळी खुराडं उघडताना दारात दोन मिनिटं थांबायचं. रोज पहिल्यांदा उडी मारणारी आज मागे राहिली का? तुरा आणि गलोल लालभडक आहेत की फिकट, की निळसर काळपट? फिकट तुरा रक्त कमी झाल्याचं सांगतो, म्हणजे जंत, रक्ती हगवण किंवा रात्री रक्त पिणारे बारीक किडे. निळसर तुरा श्वास आणि रक्ताभिसरण बिघडल्याचं सांगतो, तो जास्त गंभीर. चोच उघडी आहे का? वैशाखातल्या दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, ते उन्हाने. आषाढातल्या गार सकाळी एकच कोंबडी तसं करत असेल तर तिला आजार आहे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी, कोंबड्या बसल्यावर, एकेकीच्या छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपायचं. मांस भरलेलं असेल तर हाड बोटाला जेमतेम लागतं. सुरीच्या पात्यासारखं धारदार लागलं तर ती महिनाभर आतून झिजते आहे.

विष्ठा बघायची सवय सगळ्यात उपयोगाची, आणि तिच्यातच सगळ्यात जास्त गैरसमज. निरोगी कोंबडीची विष्ठा तपकिरी, घट्टसर, वर पांढरं टोक. पण दिवसातून दोन-तीनदा ती चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठाही टाकते. ती तिच्या आंधळ्या आतड्यातून येते आणि पूर्ण निरोगी असते. तिला हगवण समजून औषध देणारे पुष्कळ भेटतात. हिरवी विष्ठा दिसली की मानमोडीच, असंही नाही. पोटात दाणा नसेल तर पित्त उतरून विष्ठा हिरवी होते, म्हणजे उपाशी कोंबडी कोणत्याही आजारात हिरवं हगते. हिरवी हगवण, त्यात धाप, आणि दोन-तीन दिवसांत एकामागून एक पक्षी पडणं, हे तिन्ही एकत्र आलं की मानमोडीचा संशय घ्यायचा.

लंगडणाऱ्या, पाय गेलेल्या कोंबडीवर मी पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. वाडीवर पाय गेला की सगळ्याला एकच शब्द वापरतात, ‘वारं गेलं’. पण त्याची कारणं निदान पाच आहेत आणि त्यातल्या दोनच बऱ्या होण्यासारख्या आहेत, म्हणून फरक ओळखणं महत्त्वाचं. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली दोन-चार महिन्यांची तलंग बहुतेक मरेक्सची. हंगेरीच्या योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये हा रोग वर्णिला. त्याला उपचार नाही, आणि लस पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच द्यावी लागते, जी फक्त उबवणी केंद्रात मिळते; खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती मिळत नाही. मान पिळलेली असेल तर मानमोडी. मान पिळलेली नसून दोरी सुटल्यासारखी मऊ लोंबत असेल, डोळे मात्र जागे असतील, तर ती विषबाधा आहे: सडलेल्या मढ्यावरच्या अळ्या खाल्ल्याने होते, आणि ते मढं शोधून पुरलं की नव्या कोंबड्या पडायच्या थांबतात. पायाची बोटं आतल्या बाजूला मुडपलेली पिल्लं जीवनसत्त्व ‘ब२’ च्या कमतरतेची, ते वेळेवर दिलं तर सुधारतात.

पाचवं कारण भातखाऊ मुलखाने मुद्दाम वाचावं असं. १८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता, आणि नव्या स्वयंपाक्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिल्यावर त्या पुन्हा साधा, बिनसडीचा तांदूळ खाऊ लागल्या. तांदूळ सडताना जो कोंडा निघतो त्यातच कोंबडीच्या आणि माणसाच्या नसांना लागणारं द्रव्य होतं. ते म्हणजे जीवनसत्त्व ‘ब१’. १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या बायका कोंबड्यांना कोंडा घालतात तो स्वस्त म्हणून. त्याच्यामागे एवढं मोठं शास्त्र आहे. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आणि शिळा भात यावरच कोंबड्या ठेवल्या तर हळूहळू त्यांचे पाय जातात. कोंडा, नाचणी आणि परड्यातले किडे मिळाले तर जात नाहीत.

खाण्याचं बोलतो आहे तर सुक्या मासळीचंही सांगतो. सुकट आणि बोंबलाचा चुरा कोंबड्यांना घालायची आपली पद्धत चांगली आहे, त्यातून प्रथिनं मिळतात. पण बाजारची सुकी मासळी खारवलेली असते. मीठ जास्त झालं की कोंबडी पाण्यावर पाणी पिते, पाण्यासारखं हगते, आणि पिल्लं तर मरतात. चुरा धुऊन, वाळवून, थोडाच घालावा. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर कालवांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात. कोंबडीला लागेल तेवढं ती आपण होऊन टिपते. आणि बुरशी आलेलं धान्य कोंबडीला घालू नये, कितीही जीव तुटला तरी. २०२१ च्या जुलैत महाडला महापूर आला तेव्हा किती घरांची कणगी भिजली ते इथे कुणाला सांगायला नको. अशा भिजून बुरसलेल्या धान्यात किंवा शेंगदाण्याच्या पेंडीत अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी आणि त्यांच्या बरोबर फेझंटची पिल्लं मेली, ती ब्राझीलहून आलेल्या बुरसट शेंगदाणा पेंडीने. तेव्हाच हे विष जगाला पहिल्यांदा कळलं. भाजून किंवा शिजवून ते जात नाही.

आता पावसाळा. पहिल्या सरीनंतर तीन-चार आठवड्यांत पिल्लं झुरून, रक्तमिश्रित हगून मरतात, ती बहुतेक रक्ती हगवणीने. तिचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात, पण बाहेर पडल्याबरोबर ते रोग देऊ शकत नाहीत. त्यांना ओल आणि ऊब मिळावी लागते, मग एक-दोन दिवसांत ते पिकतात. म्हणून कोरड्या खुराड्यात हा रोग धुमसत राहतो आणि ओल्या खुराड्यात पेटतो. तळाला भाताचं तूस टाकून ते रोज हलवलं, ओलं झालेलं काढून टाकलं, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवलं की अर्धा रोग तिथेच संपतो. औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं: अॅम्प्रोलियम, तीन ते पाच दिवस पिण्याच्या पाण्यातून, पाकिटावरच्या प्रमाणात. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. हे औषध परजीवीला जीवनसत्त्व ‘ब१’ घेऊ देत नाही आणि त्याला उपाशी मारतं. त्याच वेळी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून जीवनसत्त्वांची बाटली पाण्यात ओतली तर औषधाचा जोर जातो. आधी औषध पुरं करावं, ताकदीचं त्यानंतर द्यावं.

त्याच दिवसांत दुसरं एक दुखणं येतं. पिल्लू मान पुढे ताणतं, चोच आ वासून उघडतं, डोकं झटकतं, जणू घशात काही अडकलंय. खरोखरच अडकलेलं असतं. श्वासनळीत लाल रंगाचे जंत चिकटलेले असतात, नर-मादी कायमचे जोडलेले, त्यामुळे इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसणारे. त्यांची अंडी गांडुळांच्या पोटात जातात आणि वर्षानुवर्षं तिथे टिकतात. पाऊस पडला, गांडुळं वर आली, पिल्लांनी ती मिटक्या मारत खाल्ली की पंधरवड्यात आ वासणं सुरू. फेनबेंडाझोल हे जंतनाशक त्यावर चालतं. पण पहिल्या पावसाच्या आठवड्यांत दीड-दोन महिन्यांखालची पिल्लं मोकळी न सोडता डालग्याखाली किंवा पडवीत ठेवली तर औषधाची गरजच फारशी पडत नाही.

देवीबद्दल थोडक्यात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या, डास चावल्याने पसरतात, माणसाला होत नाहीत. हळद-कडुलिंबाचा लेप विषाणू मारत नाही, पण खपलीत पू होऊ देत नाही, म्हणून तो लावावा. डोळे चिकटले असतील तर कोमट पाण्याने सोडवून कोंबडीला हाताने भरवावं. तीन-चार आठवड्यांत ती उठते. घशात पिवळट पापुद्रा धरला असेल तर मात्र डॉक्टर गाठावा.

औषध पाजण्याचीही एक रीत आहे. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते. मान मागे करून चोचीत पाणी ओतलं की ते फुफ्फुसात जातं आणि कोंबडी आजाराने मरायच्या आधी बुडून मरते. थेंब चोचीच्या कडेला लावावा, तिला गिळू द्यावं, मग दुसरा. तिला छातीशी घट्ट आवळूनही धरू नये. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली नाही तर श्वास चालत नाही. आजारी कोंबडीला पहिला उपचार म्हणजे वेगळं डालगं, ऊब, अंधार आणि पाणी. औषधाचा विचार त्यानंतर. प्रतिजैविकांबाबत मी ठाम आहे: पशुवैद्याने सांगितल्याशिवाय ती देऊ नयेत. कोलिस्टिन हे माणसांवरच्या शेवटच्या उपायांपैकी एक औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जात होतं, २०१९ मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर लिहिलेले दिवस सरेपर्यंत त्या कोंबडीची अंडी आपल्या मुलांनाही देऊ नयेत.

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण फेझंटवर आहे. ते शिवथरसाठी कशाला, असं पहिल्या खर्ड्याच्या वेळी विचारलं गेलं. कोंबडी, मोर, तितर, लावा आणि फेझंट ही सगळी एकाच कुळातली. पुण्या-मुंबईकडच्या हौशी लोकांच्या पिंजऱ्यांत सोनेरी, रुपेरी आणि गळ्यात पांढरा पट्टा असलेले परदेशी फेझंट असतात, आणि महाड-पोलादपूरच्या फार्महाऊसवरही ते येऊ लागले तर नवल नाही. त्यांना होणारे बरेच आजार वर सांगितलेलेच आहेत. आ वासायला लावणारा जंत तर फेझंटांचा जुना वैरी आहे. डोळ्यांखाली फुगवटा येऊन श्वास घुरघुरू लागला तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्यावा. फरक आहे तो स्वभावाचा. फेझंट शंभर पिढ्या पिंजऱ्यात राहिला तरी आतून रानटीच राहतो. दचकला की सरळ वर उडतो आणि टाळू फोडून घेतो, म्हणून छताला मऊ जाळी हवी. गर्दीत ठेवले तर एकमेकांची पिसं आणि मग कातडी टोचतात. त्यावर औषध जागा हेच. आणि कोंबड्या ज्या जमिनीवर चरल्या तिथे फेझंट, टर्की किंवा मोर ठेवू नयेत. कोंबडीच्या आतड्यातला एक बारीक जंत आपल्या अंड्यांतून दुसरा परजीवी वाहून नेतो. कोंबडीला तो फारसा त्रास देत नाही, या पाहुण्यांचं यकृत सडवतो.

हीच गोष्ट उलटी करून बघितली तर शिवथरशी तिचा संबंध कळतो. आपल्या डोंगरात रानकोंबडा आहे. पहाटे त्याची तुटक आरोळी घळीच्या वरच्या रानातून येते. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, तो मध्य भारताच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या रानांतला. आपल्याकडचा तो राखाडी रानकोंबडा. २००८ मध्ये सिद्ध झालं की जगभरच्या पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय आणि पिवळी कातडी या राखाडी रानकोंबड्याकडून आलेली आहे. त्याच रानात चकोत्री आहे, लावे आहेत, मोर आहेत. आपल्या कोंबड्या दिवसभर रानाच्या कडेला चरतात. मानमोडीने मेलेली कोंबडी आपण ओढ्यात किंवा झुडपात फेकली की रोग रानात जातो, आणि तिथे लस घेऊन कुणी फिरत नाही. मेलेला पक्षी हातभर खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावा. रानकोंबड्याची अंडी आणून खुडूक कोंबडीखाली उबवणं, त्याचं पिल्लू पाळणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हिमालयातल्या देशी फेझंटांनाही तोच कायदा लागू आहे. मला कायद्याच्या भीतीपेक्षा हे पटवून द्यावंसं वाटतं की ज्या रानाच्या जिवावर आपल्या कोंबड्या निम्मं पोट भरतात त्या रानाचं आपण देणं लागतो.

बर्ड फ्लूबद्दल भीती खूप आणि माहिती कमी आहे. देशात तो पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. आपल्या रायगडात २०२५ च्या जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरला त्याचा शिरकाव झाला. त्याची लक्षणं आणि मानमोडीची लक्षणं डोळ्यांनी वेगळी करता येत नाहीत, मोठ्या डॉक्टरलाही नाही. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जावे लागतात. म्हणून झपाट्याने पक्षी मरू लागले की मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नयेत, सोलू नयेत, स्वस्तात विकू नयेत. कळवलं तर सरकार सगळ्या कोंबड्या मारून टाकेल, या भीतीने लोक गप्प बसतात. ती भीती मला समजते. पण लपवलेला रोग बाजारातून पुढच्या वाडीत जातो आणि तिथून माणसात येण्याची शक्यता वाढते. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशी मर कळवणं हे मालकाचं कर्तव्यही आहे.

शेवटी पुन्हा लसीकडे यायला हवं, कारण या पुस्तिकेतलं दुसरं काही जमलं नाही तरी हे जमावं. कोंबडीच्या लसीचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लुई पाश्चरने प्रयोगशाळेत रोगजंतू दुबळे करून बनवलेली पहिली लस कोंबड्यांच्या पटकीवरची होती, १८७९-८० ची. माणसांच्या पुढच्या कितीतरी लसी त्या वाटेने आल्या. राणीखेतची लस आज पुण्यात औंधला सरकारी संस्थेत तयार होते. अडचण लसीच्या किमतीची नाही. बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते, आणि एका घरात आठ कोंबड्या. ती दोन ते आठ अंशांत थंड ठेवावी लागते, आणि वाडीवर पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकट्या घराने लस आणणं परवडत नाही. आख्ख्या वाडीने एक दिवस ठरवणं परवडतं. महाडहून बर्फाच्या थर्मासमध्ये एकीने बाटली आणायची, दिवस मावळल्यावर कोंबड्या खुराड्यात शिरल्या की चौघींनी घरोघर फिरायचं, एकीने धरायचं, दुसरीने डोळ्यात थेंब टाकायचा. बचत गट हे काम उत्तम करू शकतो.

पिल्लाला पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा पहिला थेंब, महिन्याचं झाल्यावर दुसरा. दोन महिने उलटल्यावर आर टू बी लसीचं टोचण, तेही पशुवैद्याच्या किंवा शिकलेल्या बाईच्या हातून, कारण ही लस लहान पिल्लाला दिली तर तिनेच ते मरू शकतं. जिथे टोचण जमत नाही तिथे मोठ्या कोंबड्यांनाही दर तीन-चार महिन्यांनी थेंब द्यावा. लसीच्या आठवडाभर आधी जंतांचं औषध द्यावं. आजारी कोंबडीला लस देऊ नये. साथ वाडीत शिरल्यानंतर लस देऊन उपयोग होत नाही. शिमग्याला आणि गौरी-गणपतीला गाव भरतं, कोंबड्यांची देवाणघेवाण वाढते, त्याच्या तीन आठवडे आधी लसीची फेरी उरकलेली असावी. बाजारातून आणलेली किंवा पाहुण्याने दिलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, मगच इतरांत सोडावी.

वाडीतल्या बायांना माझी विनंती आहे की ही पुस्तिका माळ्यावर ठेवू नका, पडवीत खुंटीला टांगा. आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या तर औषधाचं दुकान गाठण्याआधी १९६२ या क्रमांकावर फोन करा. तो पशुवैद्यकीय सेवेचा सरकारी क्रमांक आहे आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.